तुळशीरामचे निरोप

"सर, हा सिंह राजा झाला तो निवडून, का वारसानं?"

आबासाहेब थोरवतांनी हे विचारलं, तेव्हा मी फळ्यावर 'सिंह' आणि 'बैल' एवढे दोनच शब्द लिहून वळलो होतो.

"पराक्रमाने," मी म्हणालो. "जंगलात निवडणूक नसते."

"म्हणजे बिनविरोध," आबासाहेब म्हणाले, आणि सगळं संचालक मंडळ हसलं. हसणं भागच होतं. आबासाहेब स्वतः कित्येक वर्षं बिनविरोध अध्यक्ष होते.

आबासाहेबांनी कुठेसं वाचलं होतं की मोठ्या कंपन्यांत साहेबलोकांना जुन्या संस्कृत प्राणिकथांतून कारभार शिकवतात. आमच्या शिक्षणसंस्थेत कारभार भरपूर होता आणि संस्थेच्याच कॉलेजात मी संस्कृतचा प्राध्यापक होतो. माझ्या वर्गात तेव्हा तीन मुली होत्या. त्यातल्या एकीचं लग्न ठरल्यामुळे ती येत नव्हती. त्यामुळे दर गुरुवारी दुपारी संचालकांना गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आलं. आदेशात त्याला 'राजनीती व मैत्री प्रशिक्षण' म्हटलं होतं. राजनीती आधी घ्यावी आणि वेळ उरल्यास मैत्री, असं पहिल्याच बैठकीत ठरलं.

आबासाहेबांच्या उजव्या हाताला उपाध्यक्ष बसायचे. दत्तोबा खुस्पे, म्हणजे बापू. दोघे तरुणपणी एका तालमीत जोडीदार होते. जोडीदार म्हणजे रोज एकमेकांशी लढायचं, पण जत्रेतल्या फडात एकमेकांसमोर कधी उभं राहायचं नाही. ती रीत त्यांनी तालीम सुटल्यावरही पाळली होती. आबासाहेब वाळून खारीक झाले होते, बापूंची मान अजूनही खांद्यांत शिरलेली होती.

खिडकीजवळ तिसरा माणूस असायचा. तो संचालक नव्हता, सभासदसुद्धा नव्हता. तुळशीराम पोळ, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. तोही त्याच तालमीतला. कुस्ती मात्र त्याने कधी धरली नाही. या दोघांचे कपडे धरले. तालुक्यात आबासाहेबांना 'आब्या' आणि बापूंना 'दत्त्या' म्हणणारा तो एकटाच उरला होता, आणि हा हक्क तो दिवसातून जमेल तितक्या वेळा बजावायचा. धोतर परीटघडीचं, मिशी काळी केलेली आणि आवाज भरलेल्या गाडीतल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा.

त्या गुरुवारी मी गोष्ट सांगितली. वाट चुकलेला बैल जंगलात येतो. त्याची डुरकणी ऐकून सिंहच आधी घाबरतो. मग ओळख होते, मैत्री होते, इतकी की सिंह शिकार विसरतो आणि दरबार उपाशी पडायला लागतो. दरबारातला एक कोल्हा सिंहाला सांगतो, बैलाला तुझी गादी हवी आहे. मग बैलाला सांगतो, सिंहाला तुझं मांस हवं आहे. दोघे समोरासमोर येतात ते भ्यालेलेच. बोलणं होतच नाही. बैल मरतो, सिंह त्याच्याशेजारी बसून रडतो आणि कोल्हा प्रधान होतो.

"आन कोल्ह्याला पुढं शिक्षा?" बापूंनी विचारलं.

"नाही."

"कमाल हाय तुमच्या संस्कृतची."

आबासाहेब मात्र गंभीर झाले होते. "कोल्हा ओळखायचा कसा, ते सांगा सर. कामाला येईल असं."

"तो दोघांकडे जातो," मी म्हणालो. "याच्याकडे एक सांगतो, त्याच्याकडे दुसरं. आणि जे कुणी बोललेलंच नाही, ते बोलला म्हणून सांगतो. तीच खूण."

"असली आमच्या डेपोत चार हुती," खिडकीतून तुळशीराम म्हणाला. "चारीच्या चारी प्रधान झाली."

बापूंनी आपला जड हात आबासाहेबांच्या खांद्यावर टाकला. "आमच्यात कोल्हा शिरायचा म्हंजे आधी तुळशाला वलांडून यावं लागंल त्येला."

"मला वलांडायचं म्हंजे तिकीट लागतंय," तुळशीराम म्हणाला. नारायणतात्या शिर्के नावाचे एक वयस्कर संचालक सगळ्या व्याख्यानमालेत झोपून असत. ते या हशाने जागे झाले आणि चहा आला का म्हणून बघू लागले.

पुढे संस्थेची निवडणूक लागली. आबासाहेबांचं पॅनेल जाहीर झालं आणि बापूंच्या जागेवर आबासाहेबांचा मुलगा समरजित होता. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. जिल्ह्यातल्या एका वजनदार राजकीय घरात समरजितचं लग्न जमत होतं आणि त्या घरच्यांना जावई नुसता आबासाहेबांचा मुलगा असून चालणार नव्हता, आणखी काहीतरी असायला हवा होता. बापूंना हे आबासाहेबांनी सांगितलं नाही. बापूंना ते केस कापता कापता न्हाव्याने सांगितलं.

"मला म्हणला असता तर मी सोता पोराला खुर्चीवर बसीवला असता," बापू म्हणाले आणि त्यांनी वेगळा अर्ज भरला. त्यांच्या बाजूची सात-आठ गावं त्यांच्यामागे उभी राहिली. पॅनेल पडणार, असं लोक उघड बोलू लागले.

दोघांचा अबोला झाला. आमच्या भागात मोठ्या माणसांचा अबोला झाला की फोन करत नाहीत. निरोप जातो. तो तोंडीच जातो आणि दोघांच्या विश्वासातल्या माणसाबरोबर जातो. ऐकणाऱ्याने आणणाऱ्याला उलट काही विचारायचं नसतं, आणि काम झालं की तो शब्द पुन्हा कधी तोंडावर आणायचा नसतो. निरोप न्यायला तुळशीरामशिवाय दुसरा माणूस नव्हता. तुळशीरामला गाडी चालवता येत नव्हती आणि माझ्याकडे स्कूटर होती. मी ड्रायव्हर, तो कंडक्टर. मागे बसून तो वळणाला माझ्या पाठीवर दोन टिचक्या मारायचा.

अर्ज माघारीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही बंगल्यावर गेलो. आबासाहेब व्हरांड्यात पपईच्या फोडी खात होते. साखरेमुळे सकाळी त्यांना एवढंच मिळायचं.

"आब्या, दत्त्याला काय सांगू? गाडी सुटायला आलीया."

आबासाहेबांनी काटा बशीत ठेवला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"त्याला सांग, देवानं त्याचं पोरगं नेलं ते बघूनच नेलं. असल्या बापाला पोर कशाला? आता माझ्या पोराच्या मुळावर उठलाय. हेच शब्द सांग."

बापूंचा एकुलता एक मुलगा कॉलेजात असताना कॅनॉलमध्ये बुडाला होता. त्याला बाहेर काढणाऱ्यांत आबासाहेब स्वतः होते.

 तुळशीरामने आतून पाणी मागवलं, सगळा तांब्या प्यायला आणि पायऱ्या उतरला.

 वाटेत त्याने वळणांवर टिचक्यासुद्धा मारल्या नाहीत. नाल्याच्या पुलावर आल्यावर म्हणाला, "सर, तुमच्याकडं मैत्रीची बी गोष्ट हाय म्हणं. ती कधी सांगणार?"

मी स्कूटर चालवत सांगितली. कावळा, उंदीर, कासव आणि हरीण. हरीण जाळ्यात सापडतं, कावळा वरून बघतो, उंदराला उचलून नेतो आणि उंदीर जाळं कुरतडतो.

"दात दुखलं असतील बिचाऱ्याचं," तुळशीराम म्हणाला.

"तसा उल्लेख नाही."

"न्हाईच असणार. हरणाचा असंल."

बापू मळ्यात आल्याच्या वाफ्याशी बसून ठिबकची नळी साफ करत होते. त्यांनी मान वर केली नाही. तुळशीराम त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"दत्त्या, आब्यानं निरोप दिलाय."

"बोल."

"म्हणला, माझं पोरगं त्ये तुझंच. तुझं देवानं नेलं, तर ह्ये तुझ्या पदरात घातलं असं समज. त्येच्या मुळावर उठू नगंस."

मी बांधावर उभा होतो. मी संस्कृतचा माणूस, भाषांतर मला नवीन नाही. त्याच वस्तू, तेच शब्द, पोरगं, देव, मूळ. एकही इकडचा तिकडे झालेला नव्हता.

बापूंच्या हातातली नळी थांबली. डोळे भरले, आणि भरले म्हणूनच की काय, ते भडकले.

"आता सुचलं व्हय त्येला? माया शिकवतो मला? जा, सांग जा. वहिनी घरात तळमळून मेली, आन ह्यो मंत्र्याच्या गळ्यात हार घालत हुता. दवाखान्यात न्यायला सवड न्हवती. बायकू मारली त्येनं. सांग, दत्त्यानं हेच सांगितलंय म्हणून."

"सांगतो," तुळशीराम म्हणाला. उठताना त्याला माझा हात धरावा लागला.

परत बंगला. पपई संपली होती. आबासाहेब तिथेच, त्याच खुर्चीत होते.

"काय म्हणाला?"

"म्हणला, वहिनी असती तर ह्ये भांडण झालंच नसतं. दोघांचं कान धरून एका ताटात बसीवलं असतं तिनं. म्हणला, त्या दिवशी तू सभेत हुतास, तिला दवाखान्यात मी न्यायला पायजे हुती. माझा सल जात न्हाई म्हणला."

आबासाहेबांनी रिकामी बशी उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग उठून आत गेले. आतल्या खोलीत वहिनींचा फोटो होता. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुदत संपायच्या आधी बापू एकटेच निवडणूक अधिकाऱ्याकडे गेले आणि अर्ज मागे घेतला. बाहेर आले तर आबासाहेब आवारात उभे.  आबासाहेबांनी त्यांचा दंड धरला आणि आपल्या गाडीत बसवलं. पॅनेल बिनविरोध झालं. संस्थेच्या घटनेत नसलेलं 'मार्गदर्शक' नावाचं पद बापूंसाठी निर्माण झालं. तुळशीरामने माझ्या स्कूटरवर मागे बसून एसटी स्टँडपर्यंत शिट्टी वाजवली.

बंगल्यावर जेवण ठेवलं ते त्याच रविवारी दुपारी. जमिनीवर पंगत होती. मधोमध आबासाहेब, शेजारी बापू, समोर तुळशीराम, कडेला मी आणि सगळे संचालक. समरजित वाढत होता. तुळशीराम रंगात आला होता. "आत सरका, आत सरका, मागं जागा हाय," असं म्हणून त्याने नारायणतात्यांना एक पाट सरकवून माझ्यासाठी जागा केली.

पहिला भात झाला. बापूंनी समरजितचा हात धरून त्याला जवळ बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता एक बोलतो. आबानं मला लई मोठा निरोप दिला. त्यो निरोप नसता तर मी अर्ज मागं घेतला नसता. म्हणला, माझं पोरगं त्ये तुझंच. तर आजपासनं ह्यो माझा मुलगा. आन माझ्या मुलाचं लगीन मीच बघणार. माझ्या भाचीची पोरगी हाय, बारामतीला नर्सिंग शिकती. ठरलं."

निरोपातला शब्द पुन्हा काढायचा नसतो, हे बापूंना माहीत नव्हतं असं नाही. आनंद झाला की त्यांना काहीच लक्षात राहायचं नाही.

आबासाहेबांचा घास हातातच राहिला. समरजितची सुपारी पुढच्या आठवड्यात फुटणार होती आणि ती ज्या घरात फुटणार होती, तिथल्या माणसाचं नाव या ताटांवर घेणंसुद्धा बरोबर नव्हतं.

"बापू," ते जपून म्हणाले, "मी असं म्हणालो नव्हतो."

"म्हणाला न्हवतास? मग काय म्हणाला हुतास?"

आबासाहेब एकदम थांबले. त्यांनी तुळशीरामकडे पाहिलं. स्वतः काय म्हणाले होते ते त्यांना त्या क्षणी आठवलं असावं, कारण त्यांचा रंग गेला. त्यातून सुटायला ते घाईने बोलले, "माझं राहू दे. तू तरी तुझ्या वहिनीबद्दल बोललास ना चांगलं? ते तर तुझंच?"

"वहिनींबद्दल?" आता बापूंचा रंग गेला. "काय... काय सांगितलं ह्येनं तुला?"

"की ती असती तर भांडण झालं नसतं. तिला दवाखान्यात तू न्यायला हवं होतंस, त्याचा तुला सल आहे."

बापूंनी श्वास सोडला. मग हळूच म्हणाले, "म्या न्हाई असं म्हणालो."

पंगतीत कोणी हलेना. वाढपीसुद्धा वरणाचं भांडं घेऊन जागच्या जागी थांबला. दोघे मित्र तुळशीरामकडे बघत होते. दोघांच्याही चेहऱ्यावर राग होता आणि रागाच्या खाली दुसरं काही होतं. मी दोन्हीकडे हजर होतो म्हणून ते मला ओळखता आलं. ती भीती होती. प्रत्येकाला आपण काय बोललो ते पक्कं आठवत होतं, आणि दुसरा काय बोलला ते माहीत नव्हतं. तुळशीरामने तोंड उघडलं की संपलं.

तेवढ्यात नारायणतात्या शिर्के म्हणाले, "अहो सर! हे तुमच्या गोष्टीतलंच झालं की. याच्याकडं एक, त्याच्याकडं दुसरं. कुणी न बोललेलं. हाच कोल्हा!"

सगळ्या व्याख्यानमालेतलं तेवढंच त्यांच्या झोपेत शिरलं असावं.

शब्द ताटांच्या मध्ये पडला. आणि तो पडल्यावर दोन्ही म्हाताऱ्यांना सुटल्यासारखं झालं, हेही मी पाहिलं.

"तुळशा," आबासाहेब म्हणाले, "खरं काय ते सांग. हे तू मनानं सांगितलंस?"

तुळशीरामने आधी आबासाहेबांकडे पाहिलं, मग बापूंकडे. घाई नव्हती. थांबा आलाय का ते बघावं तसं.

"व्हय," तो म्हणाला. "मनानंच सांगितलं."

"का?"

"सवय. जिभंला हाड न्हाई माझ्या."

"सर याच्याबरोबर होते," नारायणतात्या म्हणाले. "सर, तुम्ही सांगा. हे दोघं काय—"

"सर लांब हुते. गाडीपाशी," तुळशीराम मध्येच म्हणाला. "त्यास्नी काय ठावं?" आणि माझ्याकडे असं बघितलं की माझ्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

आबासाहेब म्हणाले, "ऊठ."

आमच्याकडे माणसाला शिवी दिली तर ती विसरतात, हात उचलला तर तोही विसरतात. ताटावरून उठवलेलं कोणी विसरत नाही, उठलेला नाही आणि बघणारेही नाहीत. तुळशीरामच्या ताटात अर्धी पोळी आणि बासुंदीची भरलेली वाटी होती. त्याने ताटाला हात जोडले, बाहेर नळावर हात धुतले, धोतर झटकलं आणि फाटकाकडे चालू लागला. बापूंनी मान खाली घातली होती. आबासाहेब म्हणाले, "वाढा, वाढा. बापूंना बासुंदी वाढा."

मी उठून त्याच्या मागे गेलो. स्कूटर काढली. तो बसला.

नाल्याच्या पुलापर्यंत मी कसाबसा आलो आणि गाडी थांबवली. "मी परत जातो. सगळ्यांसमोर सांगतो. जसंच्या तसं."

"काय सांगशीला?"

"तुम्ही कोल्हा नाही, ते."

"त्ये सांगायला आधी दुसरं काय काय सांगावं लागंल, सांगा बघू."

मी स्कूटर स्टँडवर लावली.

"आब्याला सांगशीला, दत्त्या म्हणला तू बायकू मारलीस? त्यो रोज फोटोपुढं बसतोय. आन दत्त्याला? पोराचं सांगशीला? सर, दत्त्यानं त्ये पोर कॅनॉलातनं खांद्यावर घिऊन घरी आणलं. म्या बघितलंय. आब्याचं त्ये वाक्य त्येच्या कानावर पडलं तर आब्याचा गळाच धरंल त्यो, आन मग त्याच गळ्यात पडून रडंल. दोघं बी संपतील."

"आणि तुम्ही?"

"मला काय धाड भरलीया? दोघं एका पंगतीला हायत न्हवं?"

"तुमच्याबद्दल गाव काय म्हणेल?"

"म्हणू द्या की. कंडक्टरला काय काय म्हणत्यात, बसा कधी माझ्याबरोबर म्हसवड गाडीत." तो हसायला गेला, ते जमलं नाही. मिशी पुसल्यासारखं करून त्याने तोंड पुसलं. "माझी शपथ घ्या. त्ये दोघं हायत तोवर तुम्ही बोलणार न्हाई."

मी शपथ घेतली. आबासाहेब तीन वर्षांमागे गेले, बापू गेल्या पावसाळ्यात. म्हणून लिहितो आहे.

गाव म्हणायचं ते म्हणालंच. आठवडाभरात 'कोल्हा' हे नाव तालुकाभर झालं. स्टँडवरच्या चहाच्या गाडीवर तो गेला की मागून कोणीतरी तोंडाला हात लावून कुई काढायचं. जुने कंडक्टर-ड्रायव्हर गप्पा थांबवायचे. लोक आपापसात काही बोलत असले आणि तो आला की म्हणायचे, "जाऊ दे, नंतर बोलू." हे त्याला फार लागायचं. बोलणं त्याला जेवणासारखं होतं. त्याची बायको हौसाबाई आधी त्या पोरांवर धोंडे घेऊन धावायची, नंतर तिने घराबाहेर पडणंच सोडलं. समरजितच्या लग्नाला सगळा तालुका जेवला. पत्रिका द्यायला आलेली गाडी पोळांच्या दारावरून सरळ पुढे गेली. ती पुढच्या घरी थांबल्याचं तुळशीरामने ओट्यावरून पाहिलं आणि आत जाऊन रेडिओ लावला.

माझी व्याख्यानं चालू राहिली. एका गुरुवारी आबासाहेबांच्या खास आग्रहावरून मी सिंह-बैलाची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी तिला शेवट वेगळा देता येईल का, असं त्यांनी विचारलं. म्हणजे सिंह आणि बैल दोघे मिळून कोल्ह्याला हाकलतात, असा. मी म्हणालो, मूळ ग्रंथात तसं नाही. बापू म्हणाले, "मूळ ग्रंथ आमच्या तालुक्यात लिहिला न्हाई." सगळे हसले. खिडकी रिकामी होती.

काही वर्षांनी तुळशीरामला घशाचा आजार झाला. आवाज गेला, नुसती फुंकर राहिली. डेपोच्या मागच्या गल्लीत त्याची दोन खोल्यांची जागा होती. मी जवळ जाऊन त्याच्या तोंडाशी कान लावून ऐकायचो. एकदा मी गेलो तर तो खुशीत दिसला.

"आब्या आला हुता," तो म्हणाला. "एकटाच. गाडी लांब उभी करून."

मला खरंच आनंद झाला. "काय म्हणाले?"

"बसला. हात हातात घेतला. म्हणला, तुळशा, त्ये त्या दिवशीचं दत्त्याला कधी बोलला न्हाईस न्हवं? म्हणलं, न्हाई. म्हणला, बोलू नगंस. आन उठला."

मी त्याची चादर सारखी केली.

"दुसऱ्या दिशी दत्त्या आला," तुळशीराम म्हणाला. त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता, हे मला उशिरा कळलं. "त्यो बी एकटाच. त्यो बी हात धरून बसला. सवाल बी त्योच."

हौसाबाई चहाचा कप घेऊन दारात उभी होती. ती हसत नव्हती.

"माफी मागितली का त्यांनी?" मी विचारलं.

"अवो," तो म्हणाला, "जीव घाबरला हुता दोघांचा. त्यात माफीचं कुठं काढता."

तो गेला तेव्हा सकाळी नदीवर बरीच माणसं आली. आबासाहेब आणि बापू एकाच गाडीतून आले. आबासाहेबांना तेव्हा नीट चालता येत नव्हतं, बापूंना दिसायला कमी झालं होतं. तुळशीरामच्या जावयाने अग्नी दिला. आमच्याकडे सरण पेटलं की दोन-चार जण बोलतात. आधी आबासाहेब उभे राहिले.

"तुळशीराम आमचा बालमित्र," ते म्हणाले. "माणूस म्हटला की चूक होते. आमच्या दोघांत बिब्बा घालायचा प्रयत्न त्याच्याकडून एकदा झाला. पण आमची मैत्री तालमीतली होती, ती तुटली नाही. आज या जागी मी सांगतो, आम्ही दोघांनी त्याला केव्हाच माफ केलेलं आहे."

त्यांचा आवाज खरोखरच कापत होता. बापू म्हणाले, "आबा बोलला, त्यात सगळं आलं," आणि डोळ्यांना रुमाल लावला. तेही खोटं नव्हतं.

मग कोणीतरी म्हणालं, "सर, तुम्ही दोन शब्द."

मी पुढे झालो. समोर दोघे माझ्याकडे तोंड करून बसले होते. एकाला नीट दिसत नव्हतं, तरी दोघांनी मान सारखीच वर केली होती, आणि सारखीच ताणली होती.

"तुळशीराम पोळ एसटीत कंडक्टर होते," मी म्हणालो. "त्यांची सेवा निष्कलंक होती."

आणि बाजूला झालो. आयुष्यभर व्याख्यानं देऊन माझं सगळ्यात लहान भाषण ते.

आबासाहेबांनी मान सैल सोडली. बापूंनीही. लोक पांगू लागले. घाटाच्या पायऱ्या उंच होत्या आणि ओल्या होत्या. आबासाहेबांनी बापूंना पायरी कुठे आहे ते सांगायचं आणि बापूंनी आबासाहेबांचं वजन घ्यायचं, असे ते चढायला लागले. मध्ये एकदा आबासाहेबांचा पाय घसरला. "आरं, जपून," बापू म्हणाले, आणि त्यांनी त्यांना कमरेत घट्ट धरलं. वरपर्यंत एकानेही दुसऱ्याचा हात सोडला नाही.